भाव पडला म्हणजे निर्णय चुकला का?

शिवारवाट

आमच्या येवला-निफाड भागात उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो. तेव्हा घरोघरी एकच प्रश्न असतो: आत्ता विकायचा की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरायचा? दिवाळीपर्यंत गावाने प्रत्येकाचा निकाल लावलेला असतो. ठेवला आणि भाव चढला तो हुशार. ठेवला आणि भाव पडला त्याला "सांगत होतो तुला". वास्तविक मे महिन्यात दोघांकडे माहिती सारखीच होती.

२०२३ चंच उदाहरण घ्या. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, आणि जुलैतच विकून मोकळे झालेले लोक शहाणे ठरले. ऑक्टोबरच्या अखेरीस भाव इतका वर गेला की २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं गेलं, म्हणजे त्याखाली बाहेर विकायला मनाई. मग चाळीत माल शिल्लक असलेले शहाणे. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली आणि लाल कांदा, म्हणजे पावसाळ्यात लावलेलं पुढचं पीक, काढायला घेतलेल्यांवर संकट कोसळलं. त्यांनी काय चुकीचं केलं होतं? लागवड केली तेव्हा बंदी नव्हती.

आमच्या घरी वडील आणि भाऊ व्यवहार बघतात, हिशेबाची वही माझ्याकडे असते. ऑक्टोबरमध्ये काहीही होवो, "आपण मे महिन्यात नीट विचार करून ठरवलं होतं" असं म्हणता येईल अशी काही रीत असू शकते का? फक्त शेतकऱ्यांनीच लिहावं असं नाही. दुकान, नोकरी, घर, कुठलाही अनुभव चालेल.

जुना_हिशेबनीस

ताई, मी सहकारी बँकेत कर्जविभागात होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही विचारताय ती रीत बँकेत रोजच्या कामात असते. तिला मंजुरीची टिपणी म्हणतात.

कर्ज बुडालं की तपासणीला आलेला माणूस आधी फाइल उघडून ती टिपणी वाचतो. अर्जदाराचं स्टॉक स्टेटमेंट पाहिलं होतं का, जागेचे कागद तपासले होते का, जामीनदार कोण, धोके कोणते नोंदवले होते. हे सगळं नीट असेल आणि नंतर पुरात कारखाना गेला, तर अधिकाऱ्याला कुणी दोष देत नाही. उलट टिपणी कोरी असेल आणि कर्ज व्यवस्थित फिटलं, तरी शेरा पडतोच. पैसे परत आले हे त्या अधिकाऱ्याच्या कामाचं प्रमाणपत्र धरत नाहीत. बँकिंगमधली मला सर्वात न्याय्य वाटलेली गोष्ट हीच.

घरात अशी टिपणी नसते, म्हणून निकालावरून माणसाला तोललं जातं. आणि आठवणीवर विसंबून चालत नाही. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, त्याआधी लोकांना विचारलं होतं की या दौऱ्यांत काय काय घडण्याची किती शक्यता वाटते. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं, तुम्ही तेव्हा किती शक्यता सांगितली होती ते आठवा. जे घडलं होतं त्याबद्दल लोकांना आपला अंदाज होता त्यापेक्षा पक्का आठवला. खोटं कुणी बोलत नव्हतं, आठवणच बदलली होती. "सांगत होतो तुला" म्हणणारे तुमचे शेजारीसुद्धा खोटं बोलत नसतील.

म्हणून वहीत एक पान ठेवा. आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, काय दिसलं तर मत बदलू, आणि पुन्हा कधी बघायचं. तारीख घाला आणि घरातल्या सगळ्यांसमोर वाचा.

आवकजावक

मी कांद्याच्या व्यापारात आहे. हिशेबनीस काकांच्या पानात मी एक आकडा वाढवीन: उंबरठा भाव. माल ठेवणाऱ्या शेतकऱ्याला मी हा आकडा विचारतो आणि बहुतेकांकडे तो नसतो. त्यांच्याकडे असतो मागच्या कुठल्यातरी वर्षी पाहिलेला सर्वात मोठा भाव, आणि त्याचीच वाट पाहणं चालू असतं.

हिशेब असा. आज १०० क्विंटल माल आहे, भाव १,२०० रुपये धरू. म्हणजे आज १,२०,००० हातात. चार महिने ठेवला. चाळीत वजन घटतं, सड होते, पुढे कोंब येतात. चार-पाच महिन्यांत घट ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ३० टक्के धरली तर विकायला उरले ७० क्विंटल. अडकलेल्या पैशाचं महिना १ टक्क्याने व्याज ४,८००. निवड करायची मजुरी समजा ६,०००. एकूण १,३०,८०० भागिले ७०, म्हणजे साधारण १,८७० रुपये. एवढा भाव मिळाला तर तुम्ही फक्त मे महिन्याच्या बरोबरीला आलात. घट ४० टक्के झाली तर तोच आकडा २,१८० होतो.

आता घरात बसून विचारायचं: सप्टेंबरमध्ये १,८७० च्या वर जाईल असं आपल्याला का वाटतं? आणि कारण द्यायचं. "दर वर्षी वाढतो" हे कारण धरू नका. देशाच्या एकूण कांद्यात रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांद्याचा, वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास असतो आणि पावसाळ्याचे महिने त्याच्याच साठ्यावर निघतात, हे खरं कारण आहे. कर्नाटकचा खरीप कांदा सप्टेंबरच्या सुमारास येऊ लागतो, तिथे पाऊस कसा झाला, हे दुसरं. सरकारचा राखीव साठा बाजारात कधी उतरतो, हे तिसरं. २०२३ मध्ये तो ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेला होता. निर्यातीचं धोरण हे चौथं, आणि ते तुमच्या-माझ्या हातात नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला शुल्क ४० वरून २० टक्के झालं, १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेलं. या तारखा आधी कुणालाच माहीत नव्हत्या, म्हणून सगळा माल एकाच अंदाजावर ठेवू नये.

बांधावरचा

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण एक गोष्ट राहते आहे. ज्याच्याकडे दोन एकर आहेत आणि चाळ नाही, त्याने काय ठरवायचं? सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते. पुढे खरिपाचं बी-खत घ्यायचंय, पोराची फी आहे. कांदा शेतातून काढला की सरळ ट्रॉलीत. भाव काय निघतो ते लिलावात कळतं. परत आणायचं भाडं परवडत नाही, म्हणून बोली लागेल तिला हो म्हणायचं. तुमची टिपणी, तुमचा उंबरठा भाव हे थांबता येणाऱ्यांसाठी आहे. आम्हाला चुकीचे निर्णय घेणारे म्हणू नका. आमच्याकडे निर्णयच येत नाही.

शिवारवाट

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि धाग्यात ते आलं हे बरं झालं. आमच्याकडेही चाळ बांधेपर्यंत असंच होतं.

मांजराकाठ

बांधावरच्या दादांना लातूरकडून लिहितो. मी सोयाबीन आणि तूरवाला आहे, कांद्यातलं मला कळत नाही. पण हीच गोष्ट आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर होते. काढणी, घरात पैसा नाही, सगळ्यांचा माल एकदम बाजारात, भाव खाली.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा असा माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, १८० दिवसांची मुदत, ६ टक्के व्याज. त्या पैशात रब्बीची पेरणी होते आणि माल आपल्याच नावावर राहतो. सगळ्याच समित्या ती उत्साहाने चालवतात असं नाही, चौकशी करावी लागते.

मुद्दा असा की आधी हातात थोडी सवड आली पाहिजे, मग निर्णय. ज्या वर्षी मला सवड मिळाली त्या वर्षी मी काही फार हुशार झालो नव्हतो, फक्त घाई नव्हती. त्यामुळे चार पैसे हातात असलेल्या वर्षी मी सगळ्यात आधी पुढच्या वर्षीची सवड विकत घेतो. कर्जाचा एक हप्ता आधी भरतो, नाहीतर बियाणं घरचंच राखून ठेवतो. तुमच्याकडे दोन-तीन घरांत मिळून लहान चाळ बांधता आली तर बघा, अनुदानाची माहिती कृषी सहायकाकडे मिळेल.

बांधावरचा

तीन घरांच्या चाळीचं बोलणं आमच्यात एकदा झालं होतं. कुणाचा माल आधी काढायचा यावर अडलं.

मांजराकाठ

ते चाळ बांधायच्या आधी लिहून घ्या. कप्पे वेगळे करा, प्रत्येकाचं दार वेगळं.

पोळीभाजी_केंद्र

मी पुण्यात पोळीभाजी केंद्र चालवते. नाशिकचा कांदा माझ्याकडे रोज लागतो, म्हणून हा धागा दोन्ही बाजूंनी वाचला.

आम्हाला दुसरी शाखा काढायची होती. जागा चांगली, आयटीवाल्यांची वस्ती जवळ, ओळखीचे सगळे "घेऊन टाका" म्हणत होते. माझ्या भाच्याने गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची एक रीत सांगितली. घरातले, स्वयंपाकातल्या मावशी आणि डबे पोचवणारा मुलगा असे सगळे एकत्र बसायचं. समजायचं की एक वर्ष झालं आणि नवी शाखा बंद पडली आहे. पडेल का, असं विचारायचं नाही. पडली, हे धरूनच चालायचं. मग प्रत्येकाने न बोलता कागदावर लिहायचं की ती का पडली.

मला वाटलं होतं सगळे भाडं लिहितील. भाडं मी आणि माझ्या यजमानांनी लिहिलं. डबेवाल्या मुलाने लिहिलं की शुक्रवारी तिकडचे लोक घरून काम करतात, त्यामुळे आठवड्याचा एक दिवस कोरडा जाईल. आणि पोळ्या करणाऱ्या मावशींनी लिहिलं: "मी दोन ठिकाणी जाऊ शकत नाही. माझ्यासारखी दुसरी मिळाली नाही."

हे त्या समोर बसून बोलल्या नसत्या. मालकीणबाई उत्साहात आहेत, त्यांना कशाला नाउमेद करा, असं त्यांना वाटलं असतं. "पडली आहे" असं आधीच धरल्यामुळे त्यांना लिहायला अवघड गेलं नाही. आमचं सगळं गिऱ्हाईक त्यांच्या पोळीवर आहे आणि त्यांच्या जोडीला आम्ही कुणालाच तयार केलेलं नव्हतं, हे एवढी वर्षं माझ्या समोर होतं.

मग आम्ही शाखा रद्द केली नाही, क्रम बदलला. आधी दोन मुलींना मावशींच्या हाताखाली घेतलं, मावशींचा पगार शिकवण्याच्या कामासाठी वाढवला. त्या वस्तीत सध्या इथूनच डबे देतो. जागेचा मालक तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे तोवर जागा सोडता येणार नाही अशी अट, मागत होता, त्याला नाही म्हटलं. ज्यातून परत फिरता येतं ते पटकन करून बघायचं आणि ज्यातून फिरता येत नाही त्याला वेळ द्यायचा, एवढं आता आमच्याकडे ठरलेलं आहे. नवीन भाजी मेनूत घालायला मी कुणाला विचारत नाही. करारावर सही करायची तर आठ जणांना विचारते.

शाखा निघेल की नाही, माहीत नाही.

आवकजावक

ताई, मावशींना सोबत बसवलंत हे फार आवडलं. आमच्या धंद्यातही हमाल आणि मापारी यांना मालाची खरी अवस्था सगळ्यात आधी कळते. त्यांना कुणी विचारत नाही.

सह्याद्रीपासून_दूर

मी टोरांटोत राहतो. इथवरची चर्चा पैशात मोजता येणाऱ्या गोष्टींची आहे, म्हणून थोडा वेगळा प्रश्न विचारतो.

आई साताऱ्याजवळच्या गावी एकटी असते. वडील गेले त्याला बराच काळ झाला. बहीण पुण्यात आहे, ती म्हणते आईला कायमचं पुण्याला आणू, गावचं घर विकून टाकू, त्यात तिची खोली आणि मदतनीस बाईंचा खर्च निघेल. मला ते योग्य वाटतं आणि वाटतही नाही. याचा उंबरठा भाव कसा काढायचा? आईच्या गुडघ्यांना किती गुण आणि तुळशीवृंदावनाला किती?

जुना_हिशेबनीस

याला गुण देऊ नका. काही गोष्टी एका मापात बसत नाहीत, आणि बसवल्या तर आकडा आपल्याला हवा तसाच येतो.

पण टिपणी इथेही लिहिता येते. तुमच्या मजकुरात मला दोन निर्णय एकत्र बांधलेले दिसतात: आईने पुण्याला राहायला येणं, आणि घर विकणं. पहिला फिरवता येतो, दुसरा येत नाही. ते सोडवा. घर ठेवा, वीजजोडणी ठेवा, कुणाला तरी आठवड्यातून झाडलोट करायला सांगा. आई पावसाळ्यात पुण्याला राहील, दिवाळीनंतर पुन्हा बोलू, असं ठरवा. तोवरचा खर्च तुम्ही दोघा भावंडांनी वाटून घ्या.

शिवारवाट

काका, माझी एक भर. दादांच्या मजकुरात बहिणीचं मत आहे, दादांचं मत आहे. आईंचं नाही.

माझ्या आजीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी तिच्या भल्याचा खूप विचार केला. शेवटी तिला विचारलं तेव्हा तिची अडचण अगदी वेगळी निघाली. रात्री लघवीला उठताना अंगणातला अंधार, बाकी काही नाही. घरालगत संडास बांधला, दिवा लावला, आणि पुढचा प्रश्न बराच काळ आलाच नाही. तुमच्या आईंना पुण्यालाच यायचं असेल, मुलं काय म्हणतील म्हणून त्या गप्प असतील, हेही होऊ शकतं. फोनवर "तू काय म्हणतेस" असं विचारलं तर आया "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात. तिथे कामाला येणाऱ्या बाईंना, शेजारणीला विचारा: आई दिवसभरात कुठे अडतात?

सह्याद्रीपासून_दूर

तुमचा मजकूर वाचून बहिणीला फोन केला. ती या शनिवारी गावी जाते आहे. घर विकायचा विषय काढायचा नाही असं आमचं ठरलं. शेजारच्या काकूंना ती आधी भेटेल.

कोरा_कागद

शांतपणे वाचत होते, एक शंका आहे. इतकं सगळं लिहायचं म्हटलं तर माणूस निर्णयच घेणार नाही. माझे यजमान फ्रिज घ्यायचा तरी इतके दिवस परीक्षणं वाचतात की शेवटी उन्हाळा संपतो.

मांजराकाठ

वहिनी, फ्रिजला टिपणी नको. हर्बर्ट सायमन नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते, १९७८ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं होतं की माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं तिन्ही मर्यादित असतं, म्हणून सर्वोत्तमच्या मागे लागण्याऐवजी पुरेसं चांगलं काय ते आधी ठरवावं आणि तसं पहिलं सापडलं की थांबावं. फ्रिजला तीन अटी लिहा: एवढे लिटर, एवढं बजेट, दुरुस्तीवाला जवळ. तिन्हीत बसणारा पहिला घ्या. माझ्या बैलजोडीची निवडही मी अशीच करतो, नाहीतर बाजारात अख्खा दिवस जातो आणि संध्याकाळी उरलेलं जनावर घ्यावं लागतं.

शिवारवाट

सगळ्यांचे आभार. काल रात्री वडील, भाऊ आणि मी बसलो आणि वहीत पान लिहिलं. इथे देते, त्यात काही राहिलं असेल तर सांगा.

माल ३०० क्विंटलच्या आसपास. गोल्टी, चिंगळी (बारीक कांदा) आणि जोड कांदा लगेच विकायचा, तो चाळीत टिकत नाही. उरलेल्याचे तीन भाग. पहिला भाग आत्ता, भाव काहीही असो, त्यातून सोसायटीचं कर्ज आणि खरिपाचा खर्च. दुसरा भाग आमच्या उंबरठ्याच्या वर २०० रुपये मिळाले की विकायचा, न मिळाले तरी पोळ्यापर्यंत. तिसरा भाग नवरात्राच्या आधी, कारण पुढे कोंब धरतो आणि लाल कांदा यायला लागतो. मोठा भाव निघाला तरी "अजून थोडं थांबू" म्हणून दुसरा भाग तिसऱ्यात ढकलायचा नाही. वडिलांना हे कलम मान्य नव्हतं, बराच वेळ बोलणं झालं. अखेर त्यांनी स्वतःच ते वहीत लिहिलं.

काय माहीत नाही: निर्यातीचं धोरण, कर्नाटकातला पाऊस. काय दिसलं तर मत बदलू: सड ठरवल्यापेक्षा जास्त दिसली तर भाव न बघता विकायचा. आणि ऑक्टोबरमध्ये काहीही झालं तरी एकमेकांना बोलण्याआधी हे पान वाचायचं.

अडचण एकच आहे. सड किती झाली हे चाळ फोडल्याशिवाय कळत नाही. वरचा थर चांगला दिसतो आणि खाली वास सुटलेला असतो.

आवकजावक

पान चांगलं आहे. सड मोजायचा सोपा उपाय: चाळ भरतानाच प्लास्टिकचे पाच-सहा क्रेट त्याच कांद्याने भरा, वजन करून चिठ्ठी बांधा आणि चाळीत वेगवेगळ्या जागी ठेवा. पश्चिमेच्या बाजूला, जिथे पावसाचं झोडपणं येतं, तिथे एक हवाच. एक मधोमध, एक तळाशी दाराजवळ, जिथून हाताने ओढून काढता येईल असा. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून आधी पूर्ण वजन, मग सडका आणि काजळी (काळी बुरशी) धरलेला वेगळा करून पुन्हा वजन. पहिल्या वजनात नुसतं पाणी किती गेलं ते कळेल, दुसऱ्यात सड. सडका परत क्रेटमध्ये टाकू नका.

बांधावरचा

क्रेटमधल्या कांद्याला हवा जास्त लागते, ढिगातल्याला कमी. त्यामुळे क्रेटमध्ये सड कमीच दिसेल. आलेल्या आकड्यात थोडी भर घालून धरा.

आवकजावक

बरोबर आहे दादा, ते सांगायचं राहिलं होतं. तळाच्या क्रेटवर चारी बाजूंनी कांदा रचा, म्हणजे ढिगासारखी ऊब लागेल. मधल्यालाही तसंच करा.

शिवारवाट

क्रेट आहेत घरात. भाऊ उद्या चाळ भरायला घेतो आहे, वजनकाटा शेजारून आणते.